निसर्ग वादळातलं लाकूड कुजलं, तौक्तेतलं टिकलं: एकाच घरच्या दोन चवडी

आमचं घर दापोली तालुक्यात, समुद्रापासून फार लांब नाही. गॅस आहे घरात, पण न्हाणीतली पाण्याची चूल, गुरांचं आंबोण आणि गणपतीतला मोठा स्वयंपाक हे सगळं अजून लाकडावरच चालतं, त्यामुळे मे महिना आला की पापड-कुरडयांच्या बरोबरीने सरपणाची बेगमी करायची, आगोटीच्या आधी लाकूड फोडून, वाळवून, गोठ्याच्या बाजूच्या पडवीत रचून टाकायचं, हे लहानपणापासून बघत आलोय. पण हे सगळं पडवीत मावेल एवढ्या लाकडाचं झालं. एकदम चार-पाच पट लाकूड दारात येऊन पडलं आणि ते बाहेर उघड्यावर ठेवायची वेळ आली तेव्हा काय झालं ते इथे सविस्तर लिहितोय. लागोपाठ दोन वर्षं एकाच अंगणात दोन वेगळ्या पद्धतींनी लाकूड ठेवलं गेलं, आणि दोन्हींचा निकाल डोळ्यांनी बघता आला.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. दुपारी ते रायगडच्या किनाऱ्यावर चढलं, पण आमच्याकडे सकाळपासूनच वारा असा होता की घरातल्या घरात एकमेकांशी ओरडून बोलायला लागत होतं. संध्याकाळी बाहेर आलो तर दोन रायवळ आंबे मुळासकट आडवे, एक काजू मधोमध मोडलेला, पोफळी तर मोजल्याच नाहीत, आणि विहिरीजवळचा फणस अर्धा उपटून कललेला. लाइट गेली ती कित्येक दिवस आलीच नाही. लॉकडाऊनमुळे मी पुण्याहून घरीच आलेलो होतो, दादाही होता, म्हणजे हात होते, पण वेळ नव्हता. आधी पंचनामा होईपर्यंत झाडं तशीच ठेवायची होती (आंबा, फणस, ऐन, किंजळ, खैर ही तोडायला परवानगी लागणारी झाडं, वादळाने पडली तरी विचारल्याशिवाय हात लावू नये), आणि पंचनामा झाला तोपर्यंत पाऊस लागलेला. मग कटरवाला मिळाला एका दिवसापुरता, त्याने आंबे आणि काजू कापून दिले, दोन-दोन हात लांबीचे ओंडके. फोडायला माणूस मिळेना. आम्ही म्हटलं राहू दे, नंतर फोडू, आधी झाकून तर ठेवू.

आणि इथेच पहिली चवड बिघडली, अजून एक रात्रही उलटली नव्हती.

कशी रचली ते सांगतो. गोठ्याच्या मागच्या भिंतीला टेकवून, कारण तिथे वारा कमी लागतो. थेट जमिनीवर, कारण खाली घालायला काही शोधायला वेळ नव्हता. १२ फूट लांब, ४ फूट रुंद, ५ फूट उंच, ओंडके एकमेकांना चिकटून, फटी राहिल्या तिथे काजूच्या फांद्या कोंबलेल्या, जेणेकरून जास्त मावेल. वरून निळी ताडपत्री, ती चारी बाजूंनी जमिनीपर्यंत ओढून, दोरीने आवळून, कडेला चिरे ठेवून. एक थेंब आत जाणार नाही असं पॅक केलं होतं. त्या पावसात भिजत हे काम केलं होतं आणि खरंच वाटत होतं की लाकूड वाचवलं.

जुलैच्या मध्यापासून गोठ्यात गेलं की एक वास यायला लागला, ओल्या मातीचा नाही, थोडा आंबूस, आंबलेल्या पिठासारखा. ताडपत्रीच्या बाहेर पडलेल्या एका ओंडक्यावर कुत्र्याच्या छत्र्या उगवल्या. आई म्हणाली एकदा उघडून बघा रे. पण उघडलं तर पाऊस आत जाईल या भीतीने आम्ही उघडलं नाही.

उघडलं ते गणपतीच्या आदल्या दिवशी, २१ ऑगस्टला, मोदकांच्या मोदकपात्राला आणि पाण्याला लाकूड हवं म्हणून. दोरी सोडून ताडपत्री वर उचलली तर तिची आतली बाजू पूर्ण घामेजलेली, थेंब लटकलेले, टपटप लाकडावर पडत होते, आणि आतून उबट हवा अंगावर आली, जशी गोठ्यात शेणकीजवळ येते. पहिला ओंडका उचलला तर साल पिकल्या फणसाची चारखंडं सुटावी तशी हातात सुटून आली, खाली सगळीकडे पांढऱ्या दोऱ्यांची जाळी, अगदी कापूस पिंजून चिकटवल्यासारखी. ओंडका हलका लागत होता. अंगठा दाबला तर आत गेला. मधल्या थरात हात घालायला दादा वाकला तेवढ्यात आई ओरडली, हात नको घालूस, आधी काठी घाल. काठीने दोन ओंडके सरकवले तर मध्ये फुरसं, म्हणजे विषारी साप, वेटोळं करून बसलेलं. आमच्या जिल्ह्यात फुरसं म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. त्या दिवसापासून लाकडाच्या ढिगाला काठीने ठोकल्याशिवाय कोणी हात लावत नाही.

खालचा थर वाळवीने मातीत मिळवला होता, मातीच्या नळ्या गोठ्याच्या भिंतीवरही चढायला लागल्या होत्या. आंब्याचं जवळपास सगळं लाकूड गेलं. काजूचं निम्मं चुलीत जाण्यासारखं होतं, पण तेही असं धुपायचं की आईचे डोळे दिवसभर लाल. त्या वर्षी गणपतीला वखारीतून लाकूड विकत आणलं, स्वतःच्या दारात दोन आंबे पडलेले असताना.

आता हे का झालं? मी तेव्हा सरळ म्हणत होतो की पाऊस फार झाला. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो, कुजणारच. पण पाऊस तर आत गेलाच नव्हता! ताडपत्री कुठेही फाटलेली नव्हती. मग पाणी आलं कुठून? वाडीतले तात्या आहेत, आयुष्यभर रानात लाकडं तोडलेला माणूस, ते बघायला आले आणि म्हणाले, "पाणी बाहेरून कशाला यायला हवं, ते लाकडातच होतं की. तू त्याला बाहेर जाऊ दिलं नाहीस."

याचा हिशोब मी पुढच्या वर्षी वजनकाट्यावर केला, तो इथेच सांगून टाकतो. ताज्या तोडलेल्या आंब्याचा एक छोटा तुकडा घेतला, १६० ग्रॅम, आणि ओव्हनमध्ये शंभर डिग्रीच्या जरा वर वजन कमी व्हायचं थांबेपर्यंत वाळवला. राहिला ८५ ग्रॅम. म्हणजे ७५ ग्रॅम पाणी, कोरड्या लाकडाच्या ८८ टक्के. आमची निसर्गवाली चवड चार टनांची धरली तर त्यात पावणेदोन-दोन हजार लिटर पाणी होतं, गच्चीवरच्या हजार लिटरच्या दोन टाक्या. एवढं पाणी आम्ही ताडपत्रीत बांधून ठेवलं होतं. ते दिवसा वाफ होऊन वर जायचं, प्लास्टिकला लागून परत थेंब व्हायचं, परत लाकडावर पडायचं, दोन-अडीच महिने हेच.

बुरशीला लाकूड खायला चार गोष्टी लागतात, खाणं, हवा, ऊब आणि ओल. खाणं म्हणजे लाकूड, ते आहेच. हवा थोडीशी पुरते, अगदी पूर्ण पाण्यात बुडालेलं लाकूड तेवढं वाचतं कारण तिथे हवाच नसते. ऊब आपल्याकडे पावसाळ्यात २५ ते ३० डिग्री, म्हणजे बुरशीला अगदी हवी तशी. राहिली ओल, आणि आपल्या हातात असलेली ती एकच गोष्ट आहे. कोरड्या वजनाच्या २० टक्क्यांच्या खाली ओल गेली की बुरशी काही करू शकत नाही, २८-३० च्या वर असली की ती वाढायला मोकळी. आम्ही ८८ वर बांधून ठेवलं होतं.

त्यात अजून एक. आमचे ओंडके सालीसकट, अखंड. लाकडातलं पाणी कापलेल्या टोकातून जेवढं भराभर निघतं त्याच्या दहावा हिस्सासुद्धा बाजूने निघत नाही, आणि साल असेल तर जवळपास नाहीच. दोन हात लांब अख्खा ओंडका म्हणजे बूच लावलेली बाटली.

मधे फणसाचं सांगायला हवं, कारण त्याने मला सगळ्यात जास्त शिकवलं. तो अर्धा उपटलेला फणस आम्ही कापलाच नव्हता, कटरवाल्याचा दिवस संपला म्हणून. आडवा पडलेला, पण मुळांचा एक भाग अजून जमिनीत. आम्ही समजलो तोही कुजणार. तर ऑगस्टमध्ये त्याला नवीन पालवी! झाड जिवंत होतं, आडवं पडून जिवंत, आणि जिवंत झाडाचं लाकूड बुरशीला इतक्या सहज मिळत नाही, त्याच्यात रस खेळता असतो. जानेवारीत कापला तर आतून पिवळाधमक, एक डागसुद्धा नाही. सरळ खोड सुताराने पाटांसाठी नेलं, फांद्या सरपणाला आल्या, चांगल्या उन्हात वाळल्या. म्हणजे जूनच्या तोंडावर झाड पडलं, मूळ थोडंफार मातीत असलं, रस्ता अडत नसला आणि कोणाच्या अंगावर यायचा धोका नसला, तर ते घाईने तोडण्यापेक्षा दिवाळीपर्यंत तसंच राहू द्यावं. आपली घाई लाकडाला मारते, हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर ते दोन आंबेही कदाचित वाचले असते, एकाची मुळं बऱ्यापैकी जमिनीत होती.

मग तौक्ते आलं. १६-१७ मे २०२१. निसर्गएवढं नुकसान नाही झालं आमच्याकडे, पण वरकसातला (डोंगरउताराच्या जमिनीतला) एक आंबा पडला, ऐनाच्या दोन मोठ्या फांद्या मोडल्या, आणि उरलेला काजूही गेला. या वेळी मुळं पूर्ण बाहेर होती, म्हणजे फणसासारखं ठेवण्यात अर्थ नव्हता. पण हातात पावसाआधीचे अडीच-तीन आठवडे होते, आणि परवानगीचं कामही लवकर उरकलं.

लांबी दीड फुटांवर आणली, आणि सगळं फोडलं. मनगटाएवढं जाड. दादा, मी आणि वाडीतले दोघं असे पाच दिवस कुऱ्हाड आणि पाचर. आंबा फुटतो सहज, ऐनाने घाम काढला. फोडलेल्या ढलप्या लगेच रचल्या नाहीत, अंगणात आणि कातळावर पसरून टाकल्या, मधे एकदा वळवाचा पाऊस येऊन गेला, भिजल्या, दुसऱ्या दिवशी परत वाळल्या. वरून भिजलेलं लाकूड उन्हात एका दिवसात सुकतं, त्याची भीती नसते. भीती आतल्या पाण्याची.

आंब्याच्या एका ढलपीला खडूने खूण केली. १९ मे ला ३ किलो २०० ग्रॅम. ४ जूनला २ किलो ३५०. सोळा दिवसांत साडेआठशे ग्रॅम पाणी उन्हाने काढून नेलं.

चवड कुठे रचायची यावर घरात वाद झाला. दादाचं म्हणणं गोठ्याच्या भिंतीलाच, पण या वेळी तात्यांनी सांगितलं ते आम्ही ऐकलं. ते म्हणाले, "इरलं बघितलंयस ना बाळा? डोकं झाकतं नि पाठ झाकतं. पुढनं उघडं असतं. शेतात बाई लावणी लावते ती वाऱ्याकडे पाठ करून. लाकडाला तसं ठेवायचं. तुम्ही गेल्या साली गोधडीत गुंडाळलंत."

मला वाटतं या विषयात याच्यापेक्षा चांगलं कोणी सांगू शकणार नाही. आमच्याकडे पाऊस येतो पश्चिमेकडून, नैऋत्येकडून, वाऱ्याबरोबर आडवा. नुसतं वर छप्पर घालून चारी बाजू उघड्या ठेवल्या तर देशावर चालेल, कोकणात झड आत येते आणि अर्धी चवड भिजते. आणि चारी बाजू बंद केल्या तर काय होतं ते आम्ही बघितलं होतं. म्हणून पश्चिमेला पाठ, पूर्वेला तोंड.

जागा घरापासून आठ-दहा फूट लांब, जिथे सकाळचं ऊन येतं आणि जमिनीला उतार आहे. खाली जांभ्याच्या चिऱ्यांच्या रांगा, दोन थरांच्या, साधारण सव्वा फूट उंच. पण लाकूड चिऱ्यावर थेट ठेवलं नाही, कारण जांभा पाणी पितो, पावसाळाभर चिरा ओला असतो आणि खालून वर ओल चढवत राहतो, हात लावून बघा कुठल्याही गडग्याला जुलैमध्ये. म्हणून चिऱ्यांवर पंपाच्या जुन्या लोखंडी पायपा आडव्या टाकल्या आणि त्यावर लाकूड. सव्वा फूट उंचीचा दुसरा फायदा म्हणजे बॅटरी मारली की खालचं सगळं आरपार दिसतं, साप-विंचू असेल तर कळतो, आणि वाळवीची नळी चिऱ्यावर चढली की लगेच दिसते. आठवड्यातून एकदा बघायचं आणि नळी दिसली की खराट्याने पाडायची, एवढंच. एका कोपऱ्यात चार वेळा पाडायला लागली, बाकी कुठे आलीच नाही.

रचताना एकच ढलपी खोल अशी रांग, मग एक वीत मोकळी जागा, मग दुसरी रांग. दोन्ही टोकांना एक थर उभा एक थर आडवा अशी चौकट, म्हणजे टेकू न लावता उभी राहते. रांगेत ढलप्या सैल. वाडीतल्या एक बाई येऊन बघून म्हणाल्या, हे काय, उंदीर पळेल एवढ्या फटी ठेवल्यात. तेवढ्याच हव्या होत्या. एकगठ्ठा रचायचा मोह होतो कारण जागा कमी लागते, पण दोन रांगांमधल्या त्या वीतभर पोकळीतून वारा जातो म्हणून मधलं लाकूड वाळतं, पहिल्या वर्षी मधलंच लाकूड सगळ्यात आधी गेलं होतं.

वर पत्रे, वादळात उडून आलेलेच, ठोकून सरळ केलेले. चवडीच्या वर हातभर मोकळी जागा सोडून पोफळीच्या खांबांवर, पश्चिमेकडे उतार देऊन, दोन्हीकडे दोन-दोन फूट पुढे काढून. पत्र्यावर नुसते चिरे ठेवायचे नाहीत, दोन वादळं बघितल्यावर ती हिंमत होत नाही, तारेने खांबांना आवळले. पश्चिमेच्या बाजूला चुडतांची (माडाच्या झावळ्यांची) झापं विणून बांधली, लाकडाला न चिकटवता चार बोटं लांब. झापाची गंमत अशी की आडवा पाऊस त्यावर आपटून खाली गळतो पण हवा आरपार जाते. हे प्लास्टिकला जमत नाही.

पाऊस लागला. जुलैअखेर खुणेची ढलपी काढून वजन केलं, २ किलो १५०. ओव्हनमधल्या तुकड्याच्या हिशोबाने या ढलपीचं कोरडं वजन साधारण १ किलो ७०० येतं, म्हणजे ओल २६ टक्क्यांवर आली. ऑगस्टभर तिथेच घोटाळली, जेमतेम पन्नास ग्रॅम उतरली. हे समजून घ्यायला पाहिजे की आपल्या पावसाळ्यात हवाच इतकी दमट असते की बाहेर ठेवलेलं लाकूड २० टक्क्यांच्या आसपास येऊन अडतंच, मग तुम्ही काहीही करा. वाळवणं मे महिन्यात, पावसाळ्यात फक्त राखणं. जे लाकूड लगेच जाळायचं ते आठवडाभर आधी आत आणून चुलीच्या वर मांडून ठेवायचं, धुराने आणि उबेने उरलेलं काम होतं.

सगळं छान झालं असं नाही. आंब्याच्या ढलप्यांवर जूनमध्ये काळे-निळे डाग आले, वरच्यावर बुरशी, पण लाकूड टणक राहिलं, जळायला काही फरक नाही. पत्र्याच्या एका जुन्या खिळ्याच्या भोकातून पाणी गळत राहिलं आणि बरोबर त्याच्या खालच्या दहा-बारा ढलप्या मऊ पडल्या, एका भोकाने एवढं. काजूला घुण लागला, ढलपी आपटली की पिठासारखा पिवळा भुगा पडायचा. घुणाचा उपाय नंतर कळला तो असा की असं लाकूड साठवायचंच नाही, आधी जाळायचं. आंबा, काजू, सावर, पांगारा हे त्याच वर्षी संपवायचे. ऐन, किंजळ, खैर यांचा गाभा वर्षानुवर्षं थांबतो, कुजतं ते बाहेरचं फिकट लाकूड. म्हणून आता ऐनाची रांग वेगळी असते.

२०२१ च्या गणपतीत (१० सप्टेंबरला बसले होते) सगळा स्वयंपाक त्याच लाकडावर झाला. आईने सगळ्यात आधी धुराचं म्हटलं. ओल्या लाकडातलं एक लिटर पाणी वाफ करायला सहाशे किलोकॅलरी जातात, त्या चुलीतूनच जातात, आणि जाळ थंड पडला की लाकूड नीट जळायच्या ऐवजी धुमसतं, तो धूर चुलीपुढे बसणाऱ्या बाईच्या छातीत जातो. मला सरपणाच्या चवडीचं एवढं पडलंय ते मुख्यतः याच्यामुळे. कोकणातल्या किती घरांत आई-काकू-आज्या पावसाळाभर खोकत फुंकणी फुंकतात आणि आपण त्याला पावसाळ्याचा त्रास म्हणतो.

जानेवारीत खुणेची ढलपी १ किलो ९५० भरली, ओल १५ टक्के. दोन ढलप्या एकमेकींवर आपटल्या की टणटण आवाज येतो, ओली असेल तर नुसतं थप्प वाजतं. काट्याची गरज नाही, तात्या आयुष्यभर हेच करत आले.

आंबा होळीपर्यंत संपला. ऐनाची रांग अजून उभी आहे, पायपा तशाच आहेत, पत्र्याचं ते भोक डांबराने बुजवलं. झापं तेवढी दर मे महिन्यात नवीन विणावी लागतात, जुनी न्हाणीच्या चुलीत जातात.